तवा हलवायचा मुहूर्त

आधीच सांगून टाकते, मला सगळं माहीत होतं. नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल, मालसूकनं गोष्ट छान सांगितली, पण स्वतःला तेवढी बाजूला ठेवून सांगितली. तसली मी नाही. माझी जीभ किती लांब आहे हे दैगू शहराच्या अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. फक्त जेव्हा हलायला हवी होती तेव्हा नेमकी ती टाळूला चिकटली.

गोष्ट माझ्या वहिनीची. पिलनाम तिचं नाव. पिलनाम म्हणजे ‘आता मुलगाच हवा’. चौथीही मुलगीच झाली म्हणून बापानं रागानं ठेवलेलं नाव. पुढच्या खेपेला खरंच मुलगा झाला आणि बाप गावभर सांगत सुटला, बघा, नावाला गुण आला. वहिनी म्हणायची, “मला बारशाला नाव नाही मिळालं वन्सं, नवस मिळाला. तोही दुसऱ्याचा.”

वन्सं म्हणजे मी. तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, त्यामुळे बोलणं अगंतुगंचं, पण हाक मात्र वन्सं. माझा भाऊ जाऊन एकवीस वर्षं झाली. त्या नात्याची गाठ बांधणाराच गेला, तरी हाक राहिली. आमच्या बाजारात गाडीवर बसणाऱ्या प्रत्येक बाईला गिऱ्हाईक ‘मावशी’ म्हणतं. मावशी, एक प्लेट द्या. मावशी, रस्सा वाढा. दिवसभरात दोनशे जणांची मावशी व्हायचं, आणि त्यातल्या एकालाही आपलं नाव माहीत नसायचं. त्या गोंगाटात शेजारच्या गाडीवरून ‘वन्सं, मीठ आहे का गं’ अशी हाक आली की वाटायचं, चला, आपण अजून कोणाचं तरी कोणीतरी आहोत.

तिची गाडी चपट्या करंज्यांची. पातळ पारी, आत चिमूटभर शेवया आणि कांद्याची पात, की झाली. ती तेलावर खरपूस भाजायची, वर सोया, तिखट आणि बारीक कांदा. आमच्या दैगूचं हे गरिबाचं खाणं. आत काही नाही म्हणूनच तव्यावर सगळी भिस्त, असं वहिनी म्हणायची. आणि तवा होता तसा. एका बंद पडलेल्या ओतशाळेतून आणलेला, बिडाचा, गोल, दोन्ही हात पसरले तरच कवेत येईल एवढा. चौतीस वर्षांपूर्वी माझ्या भावानं तो ट्रकमधून उतरवला तेव्हा तो हातातून निसटला. डाव्या कडेचा टवका उडाला आणि भावाच्या पायाचा अंगठा कायमचा चपटा झाला.

“दिवस बघायला सांगत होते मी,” वहिनी म्हणाली होती. “तुम्हाला घाई.”

दिवस म्हणजे मोकळा दिवस. माणसाच्या कामात मोडता घालणारी विघ्नं रोज एकेका दिशेला हिंडत असतात. चांद्र महिन्याच्या नऊ, दहा, एकोणीस, वीस, एकोणतीस आणि तीस या दिवशी तेवढी ती वर गेलेली असतात. घर बदलायचं, दुकान हलवायचं, भिंतीत खिळा ठोकायचा, तर तेव्हाच. त्या अंगठ्यानंतर वहिनीनं हे असं धरलं की विचारू नका. बाजाराची फरशी उखडायला पालिकेची माणसं आली, तर तिनं त्यांना तीन दिवस थांबवलं. मुकादम म्हणाला, “मावशी, आमचं वेळापत्रक आहे.” ही म्हणाली, “माझंही आहे. चंद्राचं आहे. तुमच्यापेक्षा जुनं.” तीन दिवस त्या माणसांनी फुकट करंज्या खाल्ल्या आणि एकोणतिसाव्या दिवशी तवा हलवला.

वसंतात तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगा तेशिक, तिचा एकुलता एक. जन्मला तेव्हा गाडी नव्हती, पण पुढे भाऊ गेल्यावर गाडीची जागा वहिनीनं आपल्या नावावर न घेता त्याच्या नावावर केली. मी म्हटलं होतं, “अगं, स्वतःच्या नावावर ठेव.” ती म्हणाली, “माझं नावच ‘मुलगा हवा’ आहे. मग मुलाच्या नावावर केलं काय नि माझ्या काय.” हसलो होतो दोघी.

तर तेशिकनं दवाखान्यात तिचा हात धरून सांगितलं, “आई, शरदाच्या सणापर्यंत आराम कर. शनिवार-रविवार मी आणि युनमी गाडी बघतो. सण झाला की तू परत तव्यावर.” युनमी म्हणजे त्याची बायको. चारेक शनिवार दोघं आले, बोटं भाजून घेतली आणि मग तव्यावर ताडपत्री पडली. वहिनीला ते कळलं, पण ती रागावली नाही. मला फोन करून म्हणाली, “वन्सं, त्यांना नाही जमायचं. तू तेवढं आठवड्यातून एकदा तेलाचं फडकं फिरव. गंज नको चढायला.” फिरवत होते मी. ते खोटं नाही सांगत.

सणाच्या दोन दिवस आधी तेशिक माझ्या गाडीवर आला. माझी गाडी डुकराच्या भरलेल्या आतड्यांची, वहिनीच्या गाडीला चिकटून, आणि इतकी अरुंद की पातेलं हलवायचं तर मला उठून उभं राहावं लागायचं. तीस वर्षं मी त्याबद्दल कुरकुर करत आलेय. प्लेट संपवून तो म्हणाला, “आत्या, आईची जागा दिली मी. कॉफीवाले येतायत. करार झाला.”

माझ्या हातातली सुरी थांबली. “आईला सांगितलंस?”

“सांगेन. नंतर. आधी कळलं तर ती तव्याला मिठी मारून बसेल, तुला माहितेय.”

“मरेल रे ती.”

“त्या गुडघ्यावर रोज बारा तास बसली तर लवकर मरेल. डॉक्टरनं सांगितलंय. मी वाईट मुलगा आहे का, आत्या?” आणि मग जरा थांबून, खाली बघत म्हणाला, “त्यांना अर्धीच जागा लागतेय. अर्धी उरते. तू घे ना. किती वर्षं म्हणतेयस, पाय पसरायला जागा नाही.”

मी काय म्हटलं असेल? काहीच नाही. मूग गिळून बसले. आणि त्या संध्याकाळी, तो गेल्यावर, खडू घेऊन वहिनीच्या गाडीखाली वाकले आणि फरशीवर बरोब्बर मध्यावर एक रेघ मारली. का मारली? बघायला, की माझी दोन पातेली बसतात का. बसत होती.

सण झाला. पौर्णिमा झाली, पितरांना ताट दाखवून झालं. चौथ्या दिवशी सकाळी तेशिक मोटार घेऊन दारात. “आई, आयुष्यभर लोकांना खाऊ घातलंस. आज तू खायचं. बुसानला जाऊ, एकेक बाजार पालथा घालू. आत्यालाही घेऊ.” मला का, ते मला कळत होतं. मी असले की ती येणार, आणि काही झालं तर मी तिला सावरणार. शिवाय मी बाजारात नसले म्हणजे गाडी उचलताना मला बघायला लागणार नाही. एवढा विचार त्यानं माझाही केला होता. त्या दिवशी दैगूत दुपारी हमाल येणार होते.

वहिनी पुढच्या सीटवर, नवा जांभळा स्वेटर घालून, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. खूश होती हो. इतकी खूश की मला मागे बसून खिडकीबाहेर बघावं लागलं. गावाबाहेर पडेपर्यंत सामानाचे ट्रक दिसत होते. इमारतींना शिड्या लावलेल्या, नवव्या मजल्यावरून कपाटं खाली येतायत.

“अरे वा,” वहिनी म्हणाली, “आज काय सगळं गाव घर बदलतंय?”

तेशिकनं गाणी लावली.

“पौर्णिमा होऊन चार दिवस,” ती स्वतःशीच म्हणाली. “एकोणीस. मोकळा दिवस. बरोबर.” मग मागे वळून मला म्हणाली, “वन्सं, उद्या वीस. उद्याच तव्यावरची ताडपत्री काढू. दिवस चांगला आहे.”

“काढू,” मी म्हटलं. युनमीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे नाही बघितलं.

बुसानच्या बाजारात शिरल्याबरोबर वहिनीची काठी जास्त आपटायला लागली आणि पाय कमी दुखायला लागला. बाजारात वाढलेली बाई ती, घरात तिला दम लागतो. माशाच्या वड्यांच्या गाडीवर उभ्याउभ्या तिनं काडीवरची वडी खाल्ली, कागदी पेल्यातला रस्सा प्यायली आणि गाडीवालीला म्हणाली, “मावशी, मुळ्याबरोबर खेकडा घातलाय ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“आणि तो कालचा आहे.”

गाडीवाली हसून म्हणाली, “बाई गं, तुम्ही गिऱ्हाईक नाही, तुम्ही धंद्यातल्या.” वहिनीला हे इतकं आवडलं की तिनं आणखी दोन वड्या घेतल्या आणि एक जबरदस्तीनं माझ्या तोंडात कोंबली.

पुढे गोड पोळ्या. तळायच्या, मग पोट कापायचं आणि आत साखर नि भोपळ्याच्या, सूर्यफुलाच्या बिया चमच्यानं भरायच्या. रांग लांब होती. वहिनी रांगेत नाही उभी राहिली, ती तव्यापाशी जाऊन उभी राहिली. तळणाऱ्याचे हात बघत. “तेल जरा जास्तच तापवतो,” ती म्हणाली. “पण वन्सं, बिया बघ. आपण करंजीवर वरून टाकल्या तर? सोयावर? कुरकुरीत लागतील की नाही? तरुण पोरं असलंच मागतात.”

“आई,” तेशिक म्हणाला, “आज धंदा नको. आज फक्त खा.”

“खातेच आहे. खाताना डोळे मिटायचे का?”

मग लाल तिखट तांदळाच्या कांड्या झाल्या. मग भजी झाली. प्रत्येक ठिकाणी तेशिक दोन पावलं बाजूला जाऊन फोनवर बोलायचा आणि युनमी घाईघाईनं म्हणायची, “आई, अजून एक ठिकाण आहे हं. ते तर बघायलाच हवं.” तिचा आवाज चिरकत होता. पोरगी वाईट नाही, खोटं पचत नाही तिला. एका गल्लीत भांड्यांचं दुकान होतं. वहिनी आत गेली आणि एक उलथनं घेऊन बाहेर आली. रुंद, लांब दांड्याचं, पोलादी. हवेत दोनदा उलटवून बघितलं.

“जुन्याचा दांडा हलतो. आणि ह्याला लांब दांडा आहे, पुढे वाकायला नको. गुडघ्याला बरं. बघ तेशिक, मी पण विचार करते हो माझ्या गुडघ्याचा.”

पैसे तेशिकनं दिले. देताना त्याचे कान लाल झाले होते. तेव्हा तरी सांगायचं ना, शहाण्या! तेव्हा तरी मी सांगायचं होतं! पण मी काय केलं, तर दुकानदाराकडे जास्तीची पिशवी मागितली.

दोन वाजता आम्ही शेवयांच्या गल्लीत बसलो. बुटकी स्टुलं, पत्र्याचं टेबल, पालक आणि तिखट घालून कालवलेल्या शेवया. तेशिक वाट्या आणायला गेला, युनमी चमचे आणायला. फोन टेबलावर राहिला आणि वाजायला लागला. मी हात पुढे केला, पण आई ती आई. मुलाचा फोन उचलायला तिला कधी परवानगी लागलीय?

“तेशिकची आई बोलतेय.”

फोनवरचा माणूस ओरडून बोलत होता. मागे आमच्याच बाजाराचा गलका. “आजी, गाडी उचलली आम्ही. पण हा तवा काय करायचा? साहेब म्हणाले होते भंगारात टाका. चांगला जुना आहे हो. मला टाकवेना, म्हणून म्हटलं एकदा विचारावं.”

वहिनीनं दुसऱ्या कानावर हात ठेवला. मग म्हणाली, “कसला तवा?”

“करंज्यांचा. गोल.”

“कडेला टवका उडालाय का?”

“उडालाय.”

“कुठल्या बाजूला?”

“डाव्या.”

तिनं फोन तोंडाजवळ घेतला. मग अगदी हळू म्हणाली, “बाबा, तो भंगारात देऊ नकोस. तिथंच जमिनीवर ठेव. कशालाही टेकवून ठेव. मी येतेय.” आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

तेशिक चार वाट्या घेऊन आला. आईचं तोंड बघितलं आणि वाट्यांतलं लाल तिखट त्याच्या अंगठ्यावर सांडलं.

“आज एकोणीस आहे ना रे?” वहिनीनं विचारलं.

“आई...”

“तू तर ह्याला खुळचटपणा म्हणतोस. मग आजचाच दिवस का घेतलास? आज हमाल दुप्पट भाव घेतात.”

तो खाली बसला. पन्नाशीला टेकलेला माणूस, त्या बुटक्या स्टुलावर. “तुझ्यासाठीच, आई. तुला चालेल असा दिवस बघितला. दुसऱ्या कुठल्या दिवशी हलवलं असतं तर तुला जास्त लागलं असतं, म्हणून...”

“माझ्यासाठी दिवस विचारलास,” वहिनी म्हणाली. “कोणाला विचारलास?”

“इंटरनेटवर बघितला.”

“त्याला विचारलंस. मला नाही विचारलंस.”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस!”

“हो. म्हणाले असते. म्हणून विचारायचं असतं.”

युनमी चमचे धरून उभ्याउभ्या रडायला लागली. “मी म्हटलं होतं यांना, सांगा म्हणून. रोज म्हणत होते.” आजूबाजूची माणसं शेवया खायची थांबली. तेशिक गुडघ्याबद्दल बोलत होता, डॉक्टरबद्दल, रात्री फोनवर तिला कण्हताना ऐकून त्याला झोप येत नाही त्याबद्दल. सगळं खरं होतं. म्हणून तर संताप येत होता. लबाड माणसानं फसवलं तर शिव्या तरी देता येतात.

वहिनीनं शिव्या दिल्या नाहीत. “दिवसभर मला खाऊ घालत होतास,” ती म्हणाली. “कुत्र्याला हाडूक टाकतात आणि मागच्या दारानं शिरतात, तसं.” मग पिशवीतलं उलथनं काढून युनमीसमोर धरलं. “हे परत करून ये. लागणार नाही.”

“आई, ते नाही घेणार परत...”

“मग ठेव तुझ्याकडे. मासे परतायला होईल.”

परतीच्या वाटेवर ती पुढे नाही बसली. मागे माझ्याजवळ बसली. तेशिक गाडी चालवत होता आणि आरशात बघत होता. अर्धा रस्ता सरला. मग तिनं माझा हात धरला. तिचा हात म्हणजे नुसते तेलाचे चटके, एकावर एक. म्हणाली, “भरवशाची कुऱ्हाडच पायावर पडते म्हणतात. म्हणूदेत. चुलीजवळ कुऱ्हाड मीच ठेवली होती, त्याच्या नावावर मीच केली होती.” थोड्या वेळानं म्हणाली, “तुला तर माहीत नव्हतं ना, वन्सं?”

आरशात तेशिकचे डोळे माझ्यावर आले. तो काही बोलला नाही. तेवढा खानदानी निघाला तो.

“मला काय माहीत असणार, वहिनी?” मी म्हटलं.

“तेच म्हटलं. तू आठवड्याला फडकं फिरवत होतीस. तुझ्यासमोर माझ्या तव्याला कोणी हात नसता लावला. म्हणून तुलाही आज उचलून आणलं.” आणि तिनं माझा हात आणखी घट्ट धरला. केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते असं असतं. कापणाऱ्याचा हात धरून माणूस बसलेलं असतं.

दैगूला पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती, बाजार अजून भरलेला होता. तिनं माझा हात सोडला नव्हता. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मी. गल्लीच्या वळणावर आलो आणि दिसलं. गाडी गेली होती. चौतीस वर्षं जिथं सावली होती तिथं उजेड पडला होता. फरशीवर चार पायांचे चार गोल ठसे आणि मध्ये तेलानं काळा झालेला चौकोन. त्या काळ्या चौकोनावरून, मधोमध, पांढरी रेघ. अजून पुसली नव्हती. आणि रेघेच्या एका बाजूला माझी दोन पातेली, माझं स्टूल, माझी लाल बादली. ओळीत मांडलेली.

समोरची सुक्या मासळीवाली बेबाई हात पुसत पुढे आली. भली बाई, तिला काय ठाऊक? “आलीस का मालसूक! हमालांकडून तुझी पातेली हलवून घेतली बघ. तू सणाआधी रेघ मारली होतीस ना, बरोब्बर तिथपर्यंत. चांगला दिवस आहे, म्हटलं आजच मांडून टाकावं.” मग तिनं वहिनीला बघितलं. “अगंबाई, पिलनाम! आता आराम हो. मिळाला एकदाचा.”

वहिनीचा हात माझ्या हातातून गेला. ओढून नाही घेतला तिनं. नुसता काढून घेतला.

मी म्हटलं, “वहिनी, ऐक. अगं, मी...” काय सांगणार होते पुढे? पातेली बसतात का ते बघत होते?

ती माझ्या पातेल्यांकडे बघत होती. नीट, धंद्यातल्या बाईसारखी. एक पातेलं रेघेच्या जरा बाहेर आलं होतं. काठीच्या टोकानं तिनं ते आत सरकवलं. “इथं दुपारी ऊन येतं,” ती म्हणाली. “एक ते तीन. आतडी खराब होतील. ताडपत्री खाली ओढत जा.”

एवढंच म्हणाली. ओरडली असती, केस धरून लोळवलं असतं भर बाजारात, तर मी पाय धरले असते. पाय धरायलाही तिनं जागा ठेवली नाही.

तवा माझ्याच गाडीला टेकवून ठेवला होता. तेशिक पुढे झाला तर म्हणाली, “हात लावू नकोस.” काठी बगलेत घेतली, तवा उभा केला आणि चाकासारखा लोटायला लागली. ऑपरेशनचा गुडघा, बहात्तर वर्षं, आणि ती तवा लोटत गल्लीतून निघाली. टवक्याची बाजू खाली आली की तो एकदा अडखळायचा. ठक्. मग पुन्हा घरंगळायचा. दोन्ही बाजूंच्या गाड्यांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. तेशिक आणि युनमी मागून चालत होते, दहा पावलं अंतर ठेवून. मी नाही गेले. रेघेच्या आत उभी राहिले.

दोन महिने तिनं फोन उचलला नाही. मी पाठवलेली पेरांची पेटी परत नाही आली, पण आभारही नाही आले. तेशिक दर रविवारी जातो, ती जेवायला वाढते, तो जेवतो, परत येतो. तवा गॅलरीत उभा आहे म्हणे, भिंतीकडे तोंड करून. कॉफीवाल्यांनी काचेचं दुकान थाटलं. मी पाय पसरून बसते.

मागच्या आठवड्यात, दीड वाजता, गर्दीत, एक बाई येऊन माझ्यासमोरच्या बाकावर बसली. मी आतडी कापत होते. वर बघितलं तर जांभळा स्वेटर.

आज ती गिऱ्हाइकाच्या बाजूला बसली होती; एके काळी त्याच जागेत ती तव्यामागे बसायची.

“एक प्लेट द्या, मावशी,” ती म्हणाली.

द्या म्हणाली. मावशी म्हणाली.

मी सुरी पुसली. प्लेट भरली, वर उकडलेल्या काळजाचे चार तुकडे जास्तीचे ठेवले, तिला आवडतात ते, आणि मीठ-तिखटाची वाटी पुढे केली. ती सावकाश खात होती. ऊन माझ्या पातेल्यावर आलं होतं, ताडपत्री ओढायची राहिली होती. तिनं तिकडे बघितलं. पुन्हा प्लेटकडे वळली. मी म्हटलं, “वहिनी, बरी आहेस ना गं?” तिनं पेल्यातलं पाणी प्यायलं, तोंड पुसलं, ताटाशेजारी पैसे ठेवले. मोजून, एका प्लेटचे.

“छान होतं, मावशी,” म्हणाली आणि काठी घेऊन गेली.

प्लेट रिकामी होती. फक्त काळजाचे चार तुकडे कडेला ठेवले होते, न खाता.